ऑफिसला परत : किती दिवस ते ठरलं, कशासाठी ते कुणी ठरवायचं?

उत्तरा
८ एप्रिल २०२२

१ एप्रिलपासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला आणि पाडवा होतो न होतो तोच आमच्याकडे मेल आली. मे महिन्यापासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, कार्ड स्वाइप करून हजेरी, कमी दिवस भरले तर मॅनेजरला खुलासा. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना याच अर्थाच्या मेल आल्या आहेत, त्यामुळे नावाने काही फरक पडत नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते. युरोपातल्या एका विमा कंपनीचं काम आहे. टीममधले दोघं चेन्नईला, एक मुलगी इंदूरला, एक जण कुडाळला स्वतःच्या घरी आणि बाकीचे आम्ही पुण्यात. म्हणजे मी धायरीहून निघून नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं करत दीड तासाने हिंजवडीला पोचणार, कानाला हेडफोन लावणार आणि चेन्नईशी बोलणार. हेच मी दोन वर्षं घरून करतेय. पेट्रोल १२० रुपयांच्या घरात गेलंय, तो भाग वेगळाच.

गैरसमज नको, मी ऑफिसच्या विरोधात नाही. काही कामं समोरासमोरच करावीत अशी असतात. रिलीजच्या आधी, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाला देण्याआधी, कुठला दोष अडवून धरायचा आणि कुठला पुढच्या खेपेला ढकलायचा, हा वाद एका टेबलाभोवती बसलं की तासाभरात मिटतो. ऑनलाइन तोच दोन-तीन दिवस रेंगाळतो, कारण दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही गप्प होतात. नवीन माणसाला काम शिकवणं हेही तसंच. आणि एखाद्याचं काम नीट होत नाहीये हे त्याला सांगायचं असेल, तर कॅमेरा बंद असलेल्या काळ्या चौकोनाकडे बघून मला ते सांगवत नाही.

उलट टेस्ट केस लिहिणं, ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट दुरुस्त करणं, रिपोर्ट तपासणं याला शांतता लागते. ती घरी सकाळी सहा ते नऊ मिळते तशी त्या मोठ्या हॉलमध्ये मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कामं ठरवा आणि त्यावरून दिवस ठरवा. आत्ता नेमकं उलटं चाललंय. दिवस वरून ठरून आलेत आणि त्या दिवशी तिथे बसून काय करायचं हे कुणीच सांगत नाही.

घरी सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा फार काटेकोर असतात, अर्धा तास उशीर झाला तरी हात आखडतात. दोन वर्षं दुपारची गोळी मी दिली. आता त्यासाठी माणूस शोधतेय.

तुमच्याकडे कसं चाललंय? काय जमलं, काय नाही? घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असलेल्यांनी काय व्यवस्था लावली? जरूर लिहा.

---

८.२२ची लोकल
८ एप्रिल २०२२

उत्तरा, मी दुसऱ्या टोकाला आहे. मला ऑफिसला जायचं होतं आणि मी आनंदाने जातेय.

डोंबिवलीत आमचं वन रूम किचन. नवरा, मी, मुलगा आणि सासरे. पॅसेजमध्ये नवऱ्याचे कॉल, पलंगावर मुलाची ऑनलाइन शाळा, सासऱ्यांचा टीव्ही आवाज बंद करून, आणि मी ओट्याशेजारी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभी. खुर्ची ठेवायला जागाच नव्हती. मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी झाली तर सगळ्यांना ऐकू जायची, आणि घरातल्यांना वाटायचं की ही घरीच आहे म्हणजे मोकळीच आहे. डाळ बघ, दार उघड, सिलिंडर आलाय. संध्याकाळी सात वाजता ऑफिस संपतं हे दोन वर्षांत कुणालाच कळलं नाही, माझ्या साहेबांनासुद्धा.

लोकलचे हाल मी सगळे बघितलेत. ऑक्टोबर २०२० मध्ये बायकांना अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या ऑफिसची वेळ होती नऊ. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना सोडलं तेही सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. शेवटी १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना पास. आता डब्यात पाय ठेवायला जागा नसते, तरी आमचा ग्रुप पुन्हा भेटला. भिशी सुरू झाली. दोघी जणी मात्र आता येत नाहीत. एकीची नोकरी गेली आणि एक दुसऱ्या लाटेत गेली.

स्वतःचं टेबल, स्वतःची खुर्ची आणि आठ तास कुणी हाक मारणार नाही, एवढं मला ऑफिस देतं. मोठं घर असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

उत्तरा
८ एप्रिल २०२२

@८.२२ची लोकल, खूप महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे वेगळी खोली आहे, म्हणून ती शांतता मिळते, हे खरंच आहे. मैत्रिणीबद्दल वाचून वाईट वाटलं.

---

रानवारा
९ एप्रिल २०२२

मी दापोलीजवळच्या गावातून काम करतो. मार्च २०२० मध्ये वाकडची खोली तशीच ठेवून आठ-दहा दिवसांसाठी म्हणून आलो होतो. ११ महिन्यांचा करार संपल्यावर मालकाला विनंती करून डिपॉझिट परत घेतलं, सामान मित्राने टेम्पोत घालून पाठवलं.

इथून काम करणं सोपं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, घराचे पत्रे उडाले, आंब्या-नारळाची झाडं आडवी झाली, विजेचे खांब पडले. कित्येक दिवस वीजच नव्हती. गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून, टेकाडावर चढून मॅनेजरला मेसेज केला की मी जिवंत आहे, काम करू शकत नाही. त्या वेळचे मॅनेजर भले होते, रजा न लावता सांभाळून घेतलं. पुढे इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिम घेतली. पावसाळ्यात एक चालत नाही, कधी दोन्ही चालत नाहीत, पण काम अडू दिलं नाही.

आता बोलावणं आलंय. आई एकटी आहे, वडील २०२१ च्या मे महिन्यात गेले. एसटीचा संप चालू आहे, त्यामुळे शनिवार-रविवार येऊन जातो म्हटलं तर खासगी गाडीवाला मागेल ते द्यायचं. वाकडला खोली बघायला गेलो तर भाडी दोन वर्षांपूर्वीपेक्षा चढलेली. आईला घेऊन जावं तर तिची गुरं, बाग. ती तिकडे चार भिंतींत राहणार नाही.

नोकरी सोडावी का, इथपर्यंत विचार आला आहे.

---

हरिहर
९ एप्रिल २०२२

रानवारा, घाई करू नका. आधी मॅनेजरशी लेखी बोला. लेखी म्हणजे मेलवर, चॅटवर नाही.

मी स्वतः एका कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे गेल्या वर्षभरात रुजू झालेली अशी माणसं आहेत ज्यांना मी एकदाही भेटलेलो नाही. त्यातली काही सोडूनही गेली. लॅपटॉप कुरिअरने आला, कुरिअरने परत गेला. माणूस तीन महिन्यांत कंपनी सोडतो तेव्हा त्याला थांबवेल असं एकही नातं तिथे तयार झालेलं नसतं. पगार वाढवून माणसं थांबत नाहीत हे आम्ही या वर्षी बघितलं.

दुसरं म्हणजे ग्राहकाच्या अटी. बँकेचं काम असेल तर करारात वेगळी बंदिस्त जागा लिहिलेली असते. आत फोन न्यायचा नाही, पेनड्राइव्ह नाही, दारावर कार्ड. मार्च २०२० मध्ये रातोरात घरून काम सुरू झालं तेव्हा या अटी ग्राहकाने तात्पुरत्या सैल केल्या. कॉल सेंटरवाल्यांचंही असंच होतं. घरून काम द्यायचं तर दूरसंचार विभागाचे नियम आडवे यायचे. ते २०२० मध्ये आधी तात्पुरते आणि नोव्हेंबरपासून कायमचे सैल झाले. सरकारने वाट मोकळी केली तरी ग्राहक करीलच असं नाही. माझे दोन ग्राहक आता स्पष्ट म्हणतात की आमचं काम त्या खोलीतूनच झालं पाहिजे.

उत्तरा यांच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. तीन दिवस वरून आले असतील, पण ते कुठले तीन आणि त्या दिवशी काय, हे ठरवायची मोकळीक टीम लीडने मागून घ्यायला हवी. मागितली तर मिळते. आम्हा मॅनेजर लोकांनाही सगळ्यांची वेगवेगळ्या दिवसांची हजेरी जुळवत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

---

अवधूत_२१
९ एप्रिल २०२२

मी २०२१ चा पासआउट. कॉलेजचं शेवटचं वर्ष घरी, कॅम्पस इंटरव्ह्यू घरी, नोकरी घरी. औरंगाबादला आईवडिलांच्या बेडरूममध्ये बसून काम करायचो.

सीनियरला मेसेज टाकला की उत्तर यायचं, "पाच मिनिटं दे." त्या पाच मिनिटांचं जेवण व्हायचं, कधी संध्याकाळ. पुन्हा विचारायची लाज वाटायची. दिवसभर एकाच चुकीवर अडकून पडायचो आणि स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सांगायचो की काम चालू आहे.

मार्चपासून ऑफिसला येतोय. पहिल्याच आठवड्यात बिल्ड फुटला, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होईना. शेजारच्या दादाने खुर्ची वळवली आणि माझ्या स्क्रीनकडे बघितलं. मी नेहमीप्रमाणे एररची पहिली ओळ कॉपी करून गूगल करत होतो. तो म्हणाला, "वरून नको वाचू. खाली जा. 'कॉज्ड बाय' किती वेळा आलंय बघ, त्यातलं शेवटचं धर. खरं कारण तिथे असतं." डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, बास. दहा महिने मी प्रत्येक एरर वरून वाचत होतो आणि कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण माझी स्क्रीन कुणी बघितलीच नव्हती.

उत्तराताई, तुम्ही घरून काम करा, तुम्हाला सगळं येतं. पण तुम्ही सगळे घरी राहिलात तर आम्ही ऑफिसला जाऊन कुणाकडून शिकायचं?

---

उत्तरा
९ एप्रिल २०२२

अवधूत, तू विचारलेला प्रश्न माझ्या यादीत पहिला टाकला. अगदी खरं सांगते, माझ्या टीममध्येही दोन नवीन मुलं आहेत आणि ती दोघंही "पाच मिनिटं" ऐकत असणार. सोमवारी आधी त्यांच्याशी बोलते.

---

काउंटर नंबर ३
१० एप्रिल २०२२

सरकारी बँकेत आहे. आम्हाला वर्क फ्रॉम होम नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यांत ५०० रुपये जमा झाले तेव्हा शाखेबाहेर भर उन्हात रांगा होत्या, आणि आम्ही काचेमागे मास्क लावून बसलो होतो. अर्धा स्टाफ आळीपाळीने. शाखेतले आमचे हेड कॅशियर दुसऱ्या लाटेत गेले, निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, नाही म्हणत नाही. पण 'परत ऑफिसला' असं जेव्हा वाचतो तेव्हा वाटतं की नर्स, सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक, आम्ही बँकवाले, आम्ही कुठून परत यायचं? एवढं तरी कुठेतरी नोंदलं जावं म्हणून लिहिलं.

---

८.२२ची लोकल
१० एप्रिल २०२२

नोंदलं गेलं, दादा. तुम्ही लोक कामावर जात होतात म्हणून आमचं घरून चाललं.

---

मुळशीकर
१० एप्रिल २०२२

हिंजवडी हे गाव आहे, आणि ते मुळशी तालुक्यात आहे, हे इथल्या अनेकांना माहीतही नसेल. एमआयडीसीने आमच्याकडच्या जमिनी घेतल्या, आयटी पार्क उभा राहिला. जमीन गेल्यावर इथल्या माणसाने काय केलं? खोल्या बांधल्या, मेस टाकली, टपरी टाकली, गाड्या घेऊन कंपन्यांना लावल्या. सगळं तुमच्या येण्या-जाण्यावर.

माझ्या चुलत भावाच्या दोन गाड्या एका कंपनीला लागलेल्या होत्या. मार्च २०२० मध्ये त्या दारात उभ्या राहिल्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं. सप्टेंबरपासून हप्ता सुरू, गाडी बंदच. एक गाडी विकली. दुसरीतून भाजी वाहिली. आमच्या वहिनीच्या मेसला रोज शंभरावर ताटं असायची. ती बंद पडली, तांबे-पितळेची भांडी मोडीत घातली. आता तीस-चाळीस ताटांवर पुन्हा उभी करतेय. मंगळवार ते गुरुवार गर्दी, सोमवार-शुक्रवार काहीच नाही. किती पिठं मळायची याचा अंदाज येत नाही, उरलेलं वाया जातं.

आमच्यासाठी तुम्ही या, असं मी म्हणणार नाही. ज्याला घरी आई एकटी आहे त्याने घरीच राहावं. पण कंपन्या जेव्हा एकदम सगळ्यांना घरी पाठवतात आणि एकदम सगळ्यांना बोलावतात, तेव्हा या गावाला आधी कुणी विचारत नाही, सांगतही नाही. कुठल्या दिवशी किती माणूस येणार हा आकडा तुमच्या ऍडमिनकडे असतो. तो आठवडाभर आधी बाहेरच्या मेसवाल्यांना सांगितला तरी पुष्कळ.

---

गच्चीवरची बाग
१० एप्रिल २०२२

डेक्कनवरून जाणाऱ्यांसाठी : विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये लॉकडाऊन असतानाच पाडला, तिथून हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि नवा पूल जायचाय. दोन वर्षांनी निघालात तर गणेशखिंड रस्ता ओळखू येणार नाही. २३ किलोमीटरची ही मेट्रो झाली की बराच प्रश्न सुटेल. ती होईपर्यंत तरी कंपन्यांनी येण्याच्या वेळा दोन तासांच्या अंतराने विभागून द्यायला काय हरकत आहे? सगळ्यांनाच साडेनऊला पोचायचं असतं, तिथेच चौक तुंबतो.

---

चाफा
११ एप्रिल २०२२

मी कामगार कायद्यांचं काम बघते. उत्तरा आणि इतरांसाठी काही नेमक्या गोष्टी, कारण कायद्यात काय आहे आणि काय नाही याबद्दल खूप गोंधळ दिसतो.

'घरून काम करण्याचा हक्क' असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण हिंजवडी लिहिलं असेल तर कंपनी बोलावू शकते. ते पत्र आधी काढून वाचा. २०२१ च्या सुरुवातीला केंद्राने सेवा क्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा (नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांचा) मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आहे, पण तो मसुदा आहे आणि त्यातही निर्णय मालकाचाच ठेवलाय. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, महामारीच्याही आधी. ते पुढे गेलं नाही.

पण बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी कायदा आहे आणि तो फार कमी जणींना माहीत असतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना ठाऊक असते. त्याच दुरुस्तीत असंही आहे की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर, दोघांच्या संमतीने, घरून काम देता येतं. आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. महामारीत पाळणाघरं बंद झाली. ऑफिस उघडलं पण पाळणाघर उघडलं नाही, अशा तक्रारी माझ्याकडे सध्या येताहेत. बोलावणं आलं की पहिला प्रश्न लेखी विचारा, पाळणाघर कधी सुरू होतंय?

सासूबाईंच्या किंवा आईच्या आजारपणासाठी असं काही नाही. तिथे विनंतीच करावी लागते. विनंतीत भावना कमी आणि वेळापत्रक जास्त लिहा. "दुपारी दोनची गोळी, पर्यायी व्यवस्था अमुक तारखेपर्यंत" अशा भाषेला मंजुरी लवकर मिळते.

---

खिडकी
११ एप्रिल २०२२

मी व्हीलचेअर वापरते. पदवी होऊन कितीतरी वर्षं झाली होती, २०२० पर्यंत नोकरी नव्हती. इंटरव्ह्यूला बोलवायचे आणि इमारतीच्या पायऱ्यांपाशीच गोष्ट संपायची. ऑगस्ट २०२० मध्ये घरून कामाची नोकरी लागली, पहिल्यांदा. काम चांगलं करते, बढतीही मिळाली.

आता मलाही सरसकट मेल आली आहे. लिफ्ट आहे, पण कंपनीच्या बसला रॅम्प नाही आणि आमच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह खुर्ची आत जाईल एवढं रुंद नाही. तीन दिवस पाणी न पिता बसायचं का?

---

चाफा
११ एप्रिल २०२२

अजिबात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घ्या. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, त्याची प्रत एचआरकडे मागा. घरून काम ही वाजवी सोय म्हणून लेखी मागा, आणि जे दोन अडथळे इथे लिहिलेत ते जसेच्या तसे त्यात लिहा. मसुदा करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

उत्तरा
२६ जून २०२२

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. ज्यांनी व्यनि करून विचारलं त्यांच्यासाठी, आमच्याकडे काय झालं ते.

हरिहर यांचं ऐकून मोकळीक मागितली आणि मिळाली. पुण्यातल्या आम्ही सगळ्यांनी मिळून मंगळवार आणि गुरुवार धरले, तिसरा दिवस ज्याचा त्याने निवडायचा. कामं आधी फळ्यावर लिहिली. मंगळवारी दोषांची छाननी आणि रिलीजचा निर्णय, गुरुवारी फक्त शिकणं-शिकवणं. गुरुवारी अकरा ते एक मी आणि दुसरी सीनियर, आम्ही दोघी एकही कॉल घेत नाही. नवीन मुलांच्या शेजारी बसतो, त्यांची स्क्रीन बघतो. ते काम करताहेत आणि आम्ही गप्प बघतोय, एवढंच. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना अवघडल्यासारखं झालं, आता तीच गुरुवारची वाट बघतात. त्यातल्या मुलीला टेस्ट डेटा तयार करायची एक लांबलचक पद्धत कुणीतरी सांगितली होती, ती रोज एक तास त्यातच घालवत होती. शेजारी बसल्यावर लगेच कळलं.

न जमलेलं : छाननीला चेन्नई-इंदूर-कुडाळची मंडळी स्क्रीनवर असतात आणि टेबलाभोवतीचे आम्ही आपापसात बोलून मोकळे होतो. इंदूरच्या मुलीने स्पष्ट सांगितलं की मंगळवारी मला पाहुण्यासारखं वाटतं. म्हणून आता छाननीला ऑफिसातलेसुद्धा प्रत्येकजण आपापल्या लॅपटॉपवरून कॉलमध्ये येतात. विचित्र दिसतं, एकाच टेबलावर सगळे हेडफोन लावून. पण तिचं बोलणं ऐकू येतं. मग एकत्र बसण्याचा फायदा अर्धा जातो, हे मला मान्य आहे. यावर कुणाला उपाय सापडला असेल तर सांगा.

सासूबाईंसाठी वारज्यातल्या एक ताई अकरा ते पाच येतात. तीन दिवस. त्यांचा पगार आणि पेट्रोल मिळून माझ्या पगारातला चांगलाच वाटा जातो, आणि हा खर्च ऑफिसला जाण्याचा आहे हे कुठल्याच मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

मुळशीकर, आमच्या ऍडमिनशी बोलले. दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा अंदाज गेटवर लावायला ते तयार झालेत. वहिनींना सांगा.

---

मुळशीकर
२७ जून २०२२

सांगितलं. वहिनी म्हणाल्या, मंगळवारी पिठलं-भाकरी ठेवते, या.

---

चाफा
२० जुलै २०२२

सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. वाणिज्य मंत्रालयाने १४ जुलैला सेझच्या नियमांत ४३अ हा नवा नियम घातला. जास्तीत जास्त ५० टक्के कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम देता येईल. सेझमध्ये कराची सवलत त्या आवारातल्या कामाला असते, म्हणून तिथे कंपनीची इच्छा असली तरी नियम आडवा येत होता. "सेझ आहे, परवानगीच नाही" असं कुणी सांगत असेल तर हा नियम दाखवा.

---

खिडकी
२० जुलै २०२२

चाफा, तुमचा मसुदा जसाच्या तसा दिला होता. कायमचं घरून काम मंजूर झालं. स्वच्छतागृहाचं दार रुंद करायचं कामही काढलंय म्हणतात. माझ्यासाठी नाही तर पुढे येणाऱ्या कुणासाठी तरी होईल.

---

रानवारा
१४ ऑक्टोबर २०२३

धागा वर काढतोय. मी २०२२ मध्ये नोकरी सोडली नाही, हरिहर यांच्या सल्ल्याने लेखी मागणी केली आणि महिन्यातून एक आठवडा पुण्यात, बाकी दापोली असं ठरलं. मित्राकडे राहायचो. वर्षभर छान चाललं.

आता वारं फिरलंय. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्साच माणसं ऑफिसात लागतील. त्याच टीसीएसने या महिन्यापासून पाच दिवस बोलावलंय. त्यांच्या मागोमाग आमच्याकडेही मेल आली. पाच दिवस, अपवाद नाही. ज्यांनी लेखी मंजुरी घेतली होती त्यांचीही रद्द.

---

भाकरवडी_आइंडहोवन
१५ ऑक्टोबर २०२३

नेदरलँड्समधून. इथे कामाची जागा निवडण्याची मागणी मालकाला सहज नाकारता येऊ नये असं एक विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं होतं. सप्टेंबरच्या शेवटी वरच्या सभागृहात ते पडलं. तरी प्रत्यक्षात आमच्याकडे बहुतेक जण दोन-तीन दिवसच जातात, कारण टीम आपसात ठरवते आणि त्यात वरून कुणी हात घालत नाही. कायद्यापेक्षा ती सवयच उपयोगी पडतेय.

---

हरिहर
१५ ऑक्टोबर २०२३

रानवारा, वाईट वाटलं. मी त्या वेळी "मागितली तर मिळते" असं लिहिलं होतं, आणि तेव्हा ते तसंच होतं. तेव्हा बाजारात माणसं मिळत नव्हती. आता नवीन कामं कमी झालीत, भरती आटली आहे, म्हणून कंपन्यांना नाही म्हणणं परवडतं. हजेरीच्या नियमामागे हे कारण आहे हे उघडपणे बोललं पाहिजे, असं मी माझ्या वरिष्ठांनाही सांगतो. दापोलीच्या माणसाने वर्षभर एकही मुदत चुकवली नसेल तर त्याला परत बोलावण्यासाठी कामातलं कारण दाखवता आलं पाहिजे.

---

उत्तरा
१५ ऑक्टोबर २०२३

आमच्याकडेही पाच दिवसांचं बोलणं सुरू आहे, मेल अजून आलेली नाही. चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून माझा वेळ थोडा वाचतो. हिंजवडीची मेट्रो अजून खांबांवरच आहे.

या वेळी मेल यायच्या आधीच मी आमच्या युनिट हेडना पत्र दिलंय. त्यात घरचं एक अक्षरही लिहिलं नाही. मंगळवार-गुरुवार सुरू केल्यापासून रिलीजनंतर सापडलेले दोष किती कमी झाले, नवीन मुलं किती दिवसांत स्वतंत्र काम करायला लागली, टीममधून कोण सोडून गेलं (कुणीच नाही), एवढंच तक्त्यात मांडलं. खाली विचारलं की आणखी दोन दिवस वाढवल्यावर यातली कुठली गोष्ट सुधारेल असं आपल्याला वाटतं, ते कळवावं, म्हणजे त्या दिवसांची कामं आम्ही आत्ताच आखू. इंदूर आणि कुडाळच्या दोघांसाठी वेगळा परिच्छेद आहे. त्यांना पुण्यात आणायचं तर राहण्याचा आणि बदलीचा खर्च कुणी द्यायचा, हे त्यात स्पष्ट विचारलंय.

रानवारा, पत्राचा मसुदा तुम्हाला व्यनि केलाय. तुमच्या वर्षभराच्या कामाचे आकडे त्यात घाला आणि मंजुरी रद्द झाल्याची मेल सोबत जोडा. चाफा, तुम्ही एकदा नजर घालाल का? माझ्या पत्राला दिवाळीच्या आधी उत्तर देतो असं साहेब म्हणालेत. आलं की इथेच लिहिते.